वृषभचित्राखालील साठ चौकटी

मनुष्याने वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी प्रथमच ग्रंथकार होऊ नये, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. सांगितलेले असते तर मी ते आनंदाने पाळले असते, आणि ऐन वैशाखात पोलादपूर तालुक्यातील एका बैलामागे हिंडण्याचा प्रसंग माझ्यावर आला नसता.

ग्रंथ म्हणजे तरी काय, अठ्ठेचाळीस पृष्ठांची पुस्तिका. 'चित्रशब्दमंजूषा' हे तिचे नाव. पहिल्या पृष्ठावर माझे नाव व मंगलाचरण, पुढे प्रत्येक पृष्ठावर एक चित्र, त्याखाली संस्कृत शब्द आणि त्याखाली मराठी अर्थ. महाडमध्ये एकोणतीस वर्षे संस्कृत शिकवताना एक गोष्ट मला सतत बोचत आली होती. बालबोध पाठांतून सिंह, गज आणि राजहंस यांची एवढी वर्दळ असे की, आपल्या दारचेही काही संस्कृतात असू शकते, अशी शंकासुद्धा सावित्रीच्या खोऱ्यातील मुलाला येऊ नये. म्हणून मी उखळ, विळा, घोंगडी, दावे असे घरगुती शब्द निवडले. ही पुस्तिका पूरक वाचनाच्या यादीत यावी आणि जूनमध्ये तालुक्यातील शाळांत पोहोचावी, एवढीच माझी आकांक्षा होती. निवृत्त शिक्षकाच्या मानाने ती माफक आहे, असे मला अजूनही वाटते.

यादीसाठी मंजुरी देणारा साहित्य-परीक्षण कक्ष पोलादपुरात दुसऱ्या मजल्यावर आहे. तेथील अधिकारी दीप्ती मॅडम माझ्या धाकट्या कन्येच्या वयाच्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिले आणि पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचली. सरकारी कचेरीत पुस्तक शेवटपर्यंत वाचले जाईल, ही शक्यता मी मुळी गृहीतच धरली नव्हती.

"गुरुजी, फार सुंदर. चित्रं कोणाची?"

"माझीच," मी म्हणालो.

"तुम्ही काढलीत?"

"म्हणजे... पुस्तक माझे, म्हणून त्यातील चित्रेही माझीच."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे सौजन्य. त्यांनी टेबलावरून एक तक्ता माझ्याकडे सरकवला. प्रत्येक चित्राखाली पट्टी हवी. चित्राचा निर्माता कोण, हक्कधारक कोण, ते कोणाच्या परवानगीने घेतले आणि मूळ चित्रात काय बदल केला. निर्मात्याच्या नावासाठी साठ चौकटी होत्या, एका अक्षराला एक.

"मुलांना आपण सांगतो, दुसऱ्याच्या वहीतलं उतरवू नका," त्या म्हणाल्या. "मग पुस्तकानंच उतरवलं तर कसं व्हायचं? पंधरा दिवसांत एवढं भरून आणा. एक जरी पट्टी राहिली तर यंदाची यादी गेली. मग पुढच्या वर्षी बघू."

त्र्याहत्तर वर्षांच्या मनुष्यास 'पुढच्या वर्षी' हे शब्द किती हलक्या आवाजात उच्चारावेत, याचे प्रशिक्षण शासनाने द्यायला हवे.

सत्तेचाळीसपैकी सेहेचाळीस चित्रे माझी पत्नी उज्वला हिने पेन्सिलीने काढलेली होती. त्यामुळे ते काम पाच मिनिटांचे, असे मी समजलो. घरी येऊन तक्ता तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "येथे परवानगी म्हणून सही कर."

तिने चष्मा लावून सगळा तक्ता वाचला. नंतर पुस्तिकेचे पहिले पृष्ठ वाचले. तेथे माझे नाव होते, मंगलाचरण होते, मुद्रकाचेही नाव होते.

"परवानगी मागितलीत कधी?" ती म्हणाली.

"अगं, आता मागतोच आहे."

"हे मागणं नाही, हे सही घेणं झालं. रीतसर अर्ज करा. आणि मराठीत करा, मला उत्तर देता आलं पाहिजे."

मी अर्ज केला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात धर्मपत्नीस 'महोदया' असे संबोधण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. अर्ज तीन दिवस विचाराधीन होता. त्या काळात मला जेवण वेळेवर मिळत होते, पण अर्जाविषयी विचारले की "बघते" एवढेच उत्तर येई. चौथ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मंजुरी आली. तिचे नाव मुखपृष्ठावर, माझ्या नावाएवढ्याच अक्षरांत. मी अक्षरांचा आकार किंचित कमी करण्याविषयी सुचवले, तेव्हा तिने मंजुरीचा कागद शांतपणे परत उचलला. मी सूचना मागे घेतली.

आता उरला सत्तेचाळिसावा, म्हणजे वृषभ. उज्वलाला बैलाचे खूर जमत नाहीत. तिने बैल काढला की तो चपला घालून निघाल्यासारखा दिसतो. म्हणून तेवढ्या एका पानावर मी छायाचित्र घेतले होते. आमच्याच इमारतीत खाली सुहासचे टंकलेखन आणि छपाईचे दुकान आहे. त्याच्या मोबाईलवर ते कोणाकडून तरी आले होते. पांढराशुभ्र बैल, मान किंचित वळलेली, डोळ्यांत एखाद्या आचार्याचे गांभीर्य. कडेला सुपाने भात पाखडणारी एक बाई होती. माझ्या सांगण्यावरून सुहासने तिला कापून टाकले होते.

मी अडचण सांगताच सुहास म्हणाला, "काका, एवढं काय त्यात! बैलच काढून टाकू."

मी त्यास समजावले की, ज्या मुलांनी सिंह कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे, आणि त्यातून बैल काढायचा तर मग उरले काय? "मग नेटवरचा दुसरा टाकू," तो म्हणाला. मी म्हणालो, त्याचाही कोणी निर्माता असेलच. "मग कंप्युटरलाच सांगतो बनवायला," असे म्हणून त्याने खरोखरच एक बैल बनवून दाखवला. तो बैल हसत होता. मला आजवर हसणारा बैल भेटलेला नाही. हसण्यासारखे त्याच्यासाठी आपण काही ठेवलेलेच नाही.

तेव्हा मूळ बैलाचा शोध घेणे प्राप्त झाले. वेद जसे मुखातून कर्णात उतरत आले, तसेच ते चित्र मोबाईलातून मोबाईलात उतरत आले होते, आणि त्याची गुरुपरंपरा मी दोन दिवस बसून उलट्या क्रमाने लावली. सुहासला ते त्याच्या मेहुण्याकडून मिळाले, मेहुण्याला दासगावच्या एका दूधवाल्याकडून, दूधवाल्यास त्याच्या मुंबईतील मित्राकडून, आणि मित्रास एका वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या समूहावरून. तेथे ते टाकणारा राजेश नावाचा तरुण होता. वाडी उमरठच्या पुढची. राजेश मे महिन्यासाठी गावीच आला होता. पंधरापैकी नऊ दिवस संपले होते.

महाडहून एसटीने पोलादपूर आणि पुढे सहा आसनी रिक्षाने मी वाडीवर पोहोचलो. माझ्या काखेत तक्त्याची फाईल होती. त्या भागात फाईल घेतलेला अनोळखी मनुष्य दिसला की लोक प्रथम आपल्या बांधाकडे पाहतात. देवळापाशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. कोंडाजी त्यांचे नाव, ते वाडीचे गावकर, म्हणजे गावचे प्रमुख मानकरी होते.

"मोजणीवालं काय तुमी?" त्यांनी विचारले.

"नव्हे," मी म्हणालो. "एका बैलाच्या चित्राचा हक्कधारक कोण, याचा मी शोध घेत आहे."

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष होते. परंतु माझ्या आयुष्यातील ती सर्वांत मोठी चूक. मी त्यांना चित्र दाखवले. त्यांनी बैल ओळखला, पण चित्राकडे पाहण्याआधीच त्यांच्या कपाळावर आठी चढली होती.

"बैल भागोजीचा. राजेशचा बाप तो. पन हक्क म्हंजे सातबारा आला. सातबारा आला म्हंजे समदे हिस्सेदार आले. येकट्या भागोजीला इचारून नाय चालायचं."

"अहो, हा हक्क जमिनीचा नव्हे, चित्राचा."

"चित्रात जमीन हाय ना?"

होती. बैल काही अधांतरी उभा नव्हता.

अर्ध्या घटकेत देवळाच्या सभामंडपात वाडी जमली. मी विषय सोपा करून सांगू लागलो, आणि येथे दुसरी चूक झाली. डोक्यावर पंखा फिरत होता. तो थांबवायला लावून मी म्हणालो, "पाहा, पंखा ज्यांनी दिला त्या तिघा भावांची नावे तीन पात्यांवर आहेत. त्याचप्रमाणे ज्याच्यामुळे आपल्याला चित्र मिळाले, त्याचे नाव चित्राखाली यायला हवे."

"हां!" सगळ्यांच्या मुखातून एकदम उद्गार निघाला. त्यांना समजले होते. एवढे समजायला नको होते.

भागोजी पुढे सरसावले. "बैल माजा, पयला मान माजा."

"बैल उभा हाय तो खळा सामायिक हाय," त्यांचे चुलतभाऊ म्हणाले. "आमी चार घरं."

"आन त्या बैलाची आवस माज्या गोठ्यातली," कोंडाजी म्हणाले. "ती नसती तर बैल कुठनं आला असता?" हा प्रश्न तर्कशास्त्रदृष्ट्या बिनतोड असल्यामुळे मी तेही नाव टिपून घेतले.

मागे सावलीपुरता फणस दिसत होता, तो देवस्थानाचा निघाला. म्हणून देवस्थानाचे नाव आले. देवाचे नाव आल्यावर ते सर्वांत वर गेले. पालखीच्या मानाचा जो क्रम पूर्वापार चालत आला आहे, तोच येथे लावावा, असे ठरत असताना राजेश उठला. उंच, दाढी कोरलेली, डोळ्यांवर काळा चष्मा.

"गुरुजी, सिंपल आहे. गावाला जो फोन ठेवलाय तो मी घेतलेला. फोन माझा म्हणजे फोटो माझा. ग्रुपवर पण मीच टाकला. माझं नाव टाका, बाजूला मंडळाचा लोगो टाका, विषय खतम."

"खतम कसा?" भागोजी उसळले. "तू व्हतास ममईला. फोटो घरी काढला. घर माजं. म्हंजे म्याच काढला आसंल."

"असंल म्हंजे काय आबा? काढला का नाय काढला?"

मी आतापर्यंतची नावे मोजली. दोनशे बारा अक्षरे झाली होती. चौकटी साठ. लग्नपत्रिकेतही इतके आप्तेष्ट नसतात. मी हे सांगताच प्रत्येकाने दुसऱ्याची किती अक्षरे गाळता येतील ते सुचवले. स्वतःची एक वेलांटीही सोडायला कोणी तयार नव्हते. ऊन कलू लागले, परतीची रिक्षा शिंग वाजवू लागली आणि माझी सहनशक्ती संपली. 'राजेश' हेच नाव लिहून मोकळे व्हावे, असे मनात आले. मी 'रा' लिहिलाही असता. केवळ चौथा रकाना भरायचा म्हणून विचारले, "मूळ चित्र तुझ्याकडे आहे काय? बदल काय केले ते लिहायचे आहेत."

"आहे ना. घरनं आला तसाच आहे. ग्रुपवर टाकताना मी खराब कोपरा तेवढा उडवला."

त्याने मोबाईल पुढे केला. पूर्ण चित्रात बैल मध्यभागी होता, एका बाजूला मी कापलेली सुपवाली बाई होती आणि वरच्या कोपऱ्यात एक मोठा तपकिरी डोंगर. मी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. तो डोंगर नव्हता. तो अंगठा होता. भिंगाच्या काठावर आलेला, नखासकट स्पष्ट, आणि नखाला मधोमध उभी चीर.

न्यायशास्त्रात मी अनुमानाचे प्रकार शिकलो होतो, परंतु त्यांचा उपयोग कधी होईल असे वाटले नव्हते. "ज्याचा हा अंगठा, त्याने हे चित्र काढले," मी घोषित केले. "आपापले अंगठे दाखवा."

पुढील दृश्य मी विसरू शकत नाही. देवासमोर, थांबलेल्या पंख्याखाली, अकरा पुरुष ओळीने उभे राहून एका मोबाईलशेजारी अंगठा धरीत होते. भागोजींनी आधी उजवा धरला, मग डावा. राजेशने धरला. कोंडाजींनीही धरला, त्यांना चित्र काढता येत नसताना. चिरलेले नख कोणाचेच नव्हते.

खांबाआडून एक दबलेले हसू ऐकू आले. राजेशची पत्नी अपेक्षा तेथे उभी होती. चित्रातील सुपवाली बाई तीच, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

"आईंचा अंगठा हाय तो," ती म्हणाली. "कोयता लागलेला. त्यांनीच काढला फोटो. मी समोर होते की."

"मग येवढा येळ बोलली का नाय गो?" कोंडाजी म्हणाले.

"इचारलं कुनी?"

बनुबाई म्हणजे भागोजींची पत्नी. त्या सभेला आल्याच नव्हत्या, त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. त्या आपल्या अंगणात कुळीथ पाखडीत बसल्या होत्या. सगळी वाडी माझ्यासह तेथे गेली. मी आदरपूर्वक विचारले, "बाई, बैलाचे हे चित्र आपण काढलेत काय?"

त्यांनी चित्राकडे पाहिले. "बैलाचं कशाला काढू? बैल रोज बघते मी. सुनेचा काढला. बैल मधी आला."

"सुनेचा?"

"भाताचं काम एकटी करत व्हती. वाळून गेली व्हती पोर. म्हनलं, राजेशला धाडावा फोटो. बघंल, चार दिस तरी येईल. अपेक्षानं शिकवलं कुठं दाबायचं, म्या दाबलं." त्यांनी मुलाकडे मान वळवली. "तर हा काय बोलला ठावं हाय? म्हनं, आये, बैल कसला भारी दिसतोय!"

अपेक्षाने नवऱ्याकडे पाहिले. राजेशने काळा चष्मा, जो त्याने मघाशी डोक्यावर चढवला होता, तो पुन्हा डोळ्यांवर घेतला.

मी जवळची पुस्तिका उघडून त्यांना ते पान दाखवले. आपले चित्र छापलेले पाहून त्यांना संतोष होईल, अशी माझी समजूत होती. त्यांनी पान उलटून मागे पाहिले, पुन्हा पुढे पाहिले.

"हितं सून कुठं हाय?"

"ती... मी कापली," मी म्हणालो. "शब्द 'वृषभ' असल्यामुळे केवळ वृषभच—"

"पोराला दिसली नाय. तुमाला दिसली, तर तुमी कापली. शिकलेलं ना तुमी?"

एकोणतीस वर्षांच्या अध्यापनात माझी चूक पकडणारे विद्यार्थी दोनच भेटले. बनुबाई तिसऱ्या. आणि चौथ्या रकान्यात मला आता सत्य लिहायचे तर असे लिहावे लागणार होते : मूळ चित्रातून एक सून कमी केली आहे.

"परवानगी देते," बनुबाई म्हणाल्या. "पन आख्खा फोटो छापायचा. कापाकापी नाय."

"त्यात आपला अंगठाही येईल."

"येऊ द्या. माजाच हाय."

मी अपेक्षाला विचारले, तिची काही हरकत आहे काय. ती म्हणाली, "नाय. बारीक दिसते ना त्यात? दिसू दे सगळ्यांना." हे ती मला सांगत होती, परंतु पाहत दुसरीकडे होती. राजेशने त्याच दिवशी परतीचे तिकीट रद्द केले, असे मागाहून कळले.

पुस्तिका मंजूर झाली हे येथेच सांगून टाकतो, वाचकास उगाच टांगून ठेवणे मला रुचत नाही. जूनमध्ये ती शाळांत गेली. वृषभाच्या पानावर आता एकाऐवजी चार शब्द आहेत : वृषभः, शूर्पम्, स्नुषा आणि अङ्गुष्ठः. दीप्ती मॅडमनी त्या पानावर बोट ठेवून विचारले होते, "हे आधी का नव्हतं?" त्याचे उत्तर देण्यास तक्त्यात रकाना नव्हता.

परंतु त्या दिवशी, अंगणात, अजून मुख्य रकाना कोरा होता. मी पायरीवर बसून लेखणी उघडली. सगळे पुरुष माझ्या खांद्यावरून वाकले. बनुबाई साक्षरतेच्या वर्गाला दोन वर्षे गेल्या होत्या. आपले नाव लिहिले जाताना पाहायला त्याही सूप बाजूला ठेवून जवळ आल्या.

"निर्मात्याचे नाव कसे लिहू? आपण सांगाल तसेच लिहायचे, असा नियम आहे."

त्यांनी बराच वेळ विचार केला. एवढा वेळ की रिक्षाने शिंग वाजवायचे सोडून दिले.

"बनुबाई," त्या म्हणाल्या. "येवढंच."

"अगो, आन माजं नाव?" भागोजी कळवळून म्हणाले. "निदान मधी तरी?"

"तुमचा अंगठा हाय काय त्यात?"

मी चार अक्षरे चार चौकटींत लिहिली. पुढच्या छप्पन्न रिकाम्या राहिल्या. कोंडाजी त्यांच्याकडे पुष्कळ वेळ पाहत उभे होते, चांगली जमीन पडीक राहिलेली पाहावी तसे.